आमदारापर्यंत पोहोचायचा खर्च कोण करतं? रायगड किनाऱ्यावरच्या गावसमित्या आणि त्यांच्या पैशाची गोष्ट

विधिमंडळाचं पावसाळी अधिवेशन मुंबईत भरतं ते साधारण जून-जुलैमध्ये. नेमक्या त्याच दिवसांत गेटवे ते मांडवा या लाँच बंद असतात. हवामान बरं असेल तर भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी रो-रो मिळते. नाहीतर अलिबागहून वडखळ, पेण, पनवेल असा वळसा घालून विधान भवन गाठायचं. हिवाळी अधिवेशन नागपूरला. म्हणजे रेवदंड्याच्या किंवा उरणच्या माणसाला आपल्या गावचा प्रश्न सभागृहात येताना बघायचा असेल, तर आठशे किलोमीटरच्या आसपास प्रवास.

पाच जणांचं शिष्टमंडळ गेलं तर पाच जणांचं भाडं आणि पाच जणांची बुडालेली मजुरी. साहेब त्या दिवशी भेटले नाहीत तर पुन्हा तेवढाच खर्च. सोबत नेलेल्या कागदांचा हिशेब वेगळा. डिजिटल सहीचा सातबारा एका प्रतीला १५ रुपये, माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपये आणि त्यातून मिळणाऱ्या प्रत्येक पानाला २ रुपये. शंभर खातेदारांचे उतारे काढायचे म्हटलं की दीड हजार रुपये तिथेच गेले. आकडे छोटे आहेत, पण तारखा पडत गेल्या की ते फुगतात.

बंदर, विमानतळ, औद्योगिक वसाहत, नवं शहर, असं काही ना काही रायगडच्या किनाऱ्यावर सतत येत असतं. प्रकल्प आणणाऱ्यांकडे वकील असतात, सल्लागार असतात, मंत्रालयात रोज जाणारी माणसं असतात. समोरच्या गावसमितीकडे बहुतेक वेळा एक पावती पुस्तक असतं. लोकप्रतिनिधींशी बोलण्यासाठी, पाठपुरावा करण्यासाठी अशा गटांना पैसा कुठून मिळतो, कायदा कशाला परवानगी देतो आणि पैसा देणाऱ्याचा आवाज किती चालतो, हे समजून घ्यायचं तर सुरुवात जुन्या काळापासून करावी लागते.

चरी: सहा वर्षं जमीन ओस ठेवणारी गावं

अलिबाग तालुक्यातल्या चरी गावात २७ ऑक्टोबर १९३३ रोजी शेतकऱ्यांची सभा झाली आणि खोतांची जमीन कसायची नाही असं ठरलं. खोत म्हणजे सरकार आणि कूळ यांच्या मधला जमीनदार. पिकाचा मोठा हिस्सा तो घेऊन जायचा. नेतृत्व नारायण नागू पाटील यांचं होतं. चरीसह २५ गावं या संपात उतरली आणि संप १९३९ पर्यंत चालला. जगातल्या सर्वांत लांबलेल्या शेतकरी संपांमध्ये त्याचं नाव घेतलं जातं.

सहा वर्षं शेती नाही म्हणजे सहा वर्षं भात नाही. लोकांनी लाकूडफाटा तोडून विकला, खाडीत मासे धरले, मिळेल ती मजुरी केली. या संपाचा ‘निधी’ तो हाच. बाहेरून कुणी थैली पाठवली म्हणून संप टिकला नाही. लोकांनी स्वतःचं पोट आवळून तो टिकवला.

पण फक्त संपाने कायदा बदलत नाही, त्यासाठी कायदेमंडळात माणूस लागतो. १९३४ च्या डिसेंबरमध्ये चरीला झालेल्या शेतकरी परिषदेला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले. १९३७ च्या निवडणुकीनंतर ते मुंबई कायदेमंडळात होते आणि १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. त्याच वर्षी नारायण नागू पाटील यांनी ‘कृषीवल’ हे पत्र सुरू केलं. आज जिला लोक ‘अॅडव्होकसी’ म्हणतात ती हीच होती: गावात संघटना, सभागृहात आमदार आणि दोघांमध्ये बातमी पोहोचवणारं वर्तमानपत्र.

विधेयक मांडून झालं तरी सरकार हलेना. मग १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातले आणि इतर जिल्ह्यांतले सुमारे वीस हजार शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर मोर्चाने आले. कोकण किनाऱ्यावरून अनेक जण बोटीने आले होते. त्यांच्या नेत्यांचं शिष्टमंडळ तेव्हाचे पंतप्रधान बाळासाहेब खेर यांना भेटलं. (प्रांताच्या मुख्यमंत्र्याला त्या वेळी पंतप्रधान म्हणत.) १९३९ मध्ये कूळ कायदा आला. खोती कायद्याने संपायला मात्र १९४९ साल उजाडलं.

सभा १९३३ ला झाली आणि खोती गेली १९४९ ला, म्हणजे मध्ये सोळा वर्षं गेली. गटांना मिळणाऱ्या पैशाचा विचार करताना हा आकडा डोक्यात ठेवलेला बरा. आजचे बहुतेक देणगीदार एक किंवा फार तर तीन वर्षांचा प्रकल्प मंजूर करतात.

पक्षाने उचललेला खर्च

स्वातंत्र्यानंतर रायगडात, म्हणजे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, हे काम मोठ्या प्रमाणात शेतकरी कामगार पक्षाने अंगावर घेतलं. गावचं गाऱ्हाणं शाखेत यायचं, कार्यकर्ता ते तालुक्याला न्यायचा आणि आमदार मुंबईला. प्रवास, चहा, निवेदनाचं टायपिंग हा खर्च पक्षाच्या यंत्रणेत मुरून जायचा.

या व्यवस्थेची ताकद १९८४ मध्ये दिसली. न्हावा-शेवा बंदरासाठी आणि नवी मुंबईसाठी गेलेल्या जमिनीच्या मोबदल्यावरून दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं. १६ आणि १७ जानेवारीच्या गोळीबारात पाच जणांचा जीव गेला. पुढे प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याचं धोरण आलं, त्याच्या मुळाशी हा लढा आहे. २०२१ मध्ये नवी मुंबई विमानतळाला दि. बां.चं नाव द्या म्हणून लोक हजारोंनी रस्त्यावर उतरले, ते याच आठवणीमुळे.

पण पक्षाने खर्च केला की प्रश्नही पक्षाचा होतो. समोरच्या पक्षाचा आमदार निवडून आला की गावचं निवेदन त्याच्याकडे कुणी घेऊन जायचं? एकाच गावात दोन पक्षांच्या दोन समित्या आणि दोघींची दोन वेगळी निवेदनं, हे कोकणाला नवीन नाही. गटाला स्वतःचे पैसे असावेत ही मागणी इथूनच पुढे आली.

सेझ: घड्याळाशी खेळलेला डाव

२००५ मध्ये विशेष आर्थिक क्षेत्रांचा, म्हणजे सेझचा कायदा झाला. रिलायन्सशी संबंधित महामुंबई सेझसाठी उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतल्या ४५ गावांची जमीन घ्यायचं ठरलं. गावागावांत समित्या झाल्या. ज्येष्ठ नेते एन. डी. पाटील, उल्का महाजन यांचं सर्वहारा जन आंदोलन आणि २४ गाव सेझविरोधी समितीसारखे गट लढ्यात होते.

त्या वेळी लागू असलेला भूसंपादन कायदा १८९४ चा होता. पहिली अधिसूचना निघाली की हरकत घ्यायला ३० दिवस. हरकत प्रत्येक खातेदाराने आपापली द्यायची, त्यामुळे एका मोर्चाने काम भागत नव्हतं. घरोघरी जाऊन उतारे गोळा करणं, अर्ज लिहिणं, पोच घेणं आणि सुनावणीला माणूस हजर ठेवणं ही खरी मेहनत होती. दुसरी मुदत सरकारसाठी होती. संपादनाची घोषणा झाल्यापासून दोन वर्षांत निवाडा झाला नाही, तर प्रक्रिया आपोआप रद्द.

त्यामुळे समित्यांना जिंकण्यापेक्षा दोन वर्षं टिकून राहणं जास्त महत्त्वाचं होतं.

मधल्या काळात आणखी एक घटना घडली. पेण तालुक्यातली २२ गावं हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रात येत होती. ओलिताखाली येणारी जमीन उद्योगाला का द्यायची, हा त्यांचा सवाल होता. मोर्चे, उपोषणं, मंत्र्यांच्या भेटी यांतून दबाव वाढत गेला आणि २१ सप्टेंबर २००८ रोजी जिल्हा प्रशासनाने या २२ गावांत मतदान घेतलं. जमीन द्यायची की नाही, याचा कौल सरकारी यंत्रणेने थेट शेतकऱ्यांकडे मागितला. देशात हे फार क्वचित झालं आहे. कल मोठ्या प्रमाणात विरोधात असल्याच्या बातम्या आल्या. २००९ च्या जूनमध्ये दोन वर्षांची मुदत संपली आणि संपादन बारगळलं.

सेझचा किस्सा सांगताना मोर्चाच्या गर्दीचा फोटो लावला जातो. पोच घेतलेल्या हरकतींच्या गठ्ठ्याचा फोटो कुणी लावत नाही. पैसा मात्र त्या गठ्ठ्यावर जास्त लागतो.

मग आज पैसा येतो कुठून?

सर्वांत जुना आणि अजूनही सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे वर्गणी. कोकणात गावकीचा फंड असतो, कोळीवाड्यात मच्छीमार सोसायटी असते आणि मुंबईत राहणाऱ्या चाकरमान्यांचं ग्रामस्थ मंडळ असतं. देवळाच्या जीर्णोद्धाराला जे मंडळ पावत्या फाडतं, तेच जमिनीच्या प्रश्नालाही पैसे जमवतं. या पैशावर कुणाची अट नसते. पण गावकीत कुणाचा शब्द चालतो, हेही बघायला हवं. बायका, आदिवासी वाडीतली माणसं, जमीन नसलेले मजूर यांचा प्रश्न गावकीच्या फंडातून आमदारापर्यंत जाईलच असं नाही. कातकरी वाडीला पाणी नाही, हा मुद्दा घेऊन मुंबईला जायला वर्गणी निघेल का? बाहेरच्या मदतीची गरज खरी पडते ती इथे.

दुसरा मार्ग सरकारी. सरकार स्वतःवरच लक्ष ठेवायला लोकांना पैसे देईल हे ऐकायला विचित्र वाटतं, पण महाराष्ट्रात ते झालंय. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात २००७ पासून आरोग्य सेवांवर लोकाधारित देखरेखीचा उपक्रम सुरू झाला. सुरुवातीचे जिल्हे होते पुणे, ठाणे, अमरावती, नंदुरबार आणि उस्मानाबाद. पुण्याची ‘साथी’ ही संस्था राज्य पातळीवर समन्वय करत होती आणि तालुक्या-तालुक्यात स्थानिक संघटना काम करत होत्या. गावाने प्राथमिक आरोग्य केंद्राला गुण द्यायचे आणि मग जनसुनवाईत डॉक्टर, अधिकारी, पंचायतीचे सदस्य यांच्यासमोर ते मांडायचे. कल्पना चांगली, पण अडचणही उघड आहे. ज्या खात्याला प्रश्न विचारायचे, त्याच खात्याकडून पुढचा हप्ता यायचा असतो.

तिसरा मार्ग कंपन्यांच्या सीएसआरचा. २०१३ च्या कंपनी कायद्यातल्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. रायगडात मोठ्या कंपन्यांना तोटा नाही: थळला आरसीएफ, डोलवीला जेएसडब्ल्यू, नागोठण्याला रिलायन्स, उसरला गेल. या पैशातून शाळेच्या खोल्या होतात, रुग्णवाहिका येते, पाण्याच्या टाक्या होतात. राजकीय पक्षाला दिलेला पैसा सीएसआरमध्ये धरता येत नाही, हे नियमात स्पष्ट आहे. आमदाराकडे पाठपुरावा करणाऱ्या गटाला पैसे द्यायला थेट बंदी नाही, पण कायद्याच्या सातव्या परिशिष्टातल्या कामांच्या यादीत ते सरळ बसतही नाही. शिवाय प्रश्न त्याच कंपनीच्या धुराचा किंवा जेट्टीचा असेल तर चेक कोण फाडणार?

चौथा मार्ग देशातल्या ट्रस्टचा आणि फाउंडेशनचा. १९९० च्या दशकात महाराष्ट्रात या कामाला एक आकार आला. मुंबईच्या ‘समर्थन’ने विधिमंडळाचं कामकाज आणि अर्थसंकल्प यांचा अभ्यास करून तो लोकांपर्यंत आणि आमदारांपर्यंत न्यायला सुरुवात केली. पुण्यात १९९२ मध्ये सुरू झालेल्या नॅशनल सेंटर फॉर अॅडव्होकसी स्टडीजने कार्यकर्त्यांना जनवकिलीचं प्रशिक्षण दिलं. ‘प्रजा फाउंडेशन’ मुंबईच्या आमदारांचं आणि नगरसेवकांचं प्रगतिपुस्तक काढतं. कोणत्या आमदाराने किती प्रश्न विचारले हे वांद्र्यातल्या मतदाराला छापील अहवालात मिळतं. खाडीपलीकडच्या श्रीवर्धनच्या मतदाराला असं प्रगतिपुस्तक कोण देणार? पैसा शहरात राहतो आणि त्याच्यासोबत अभ्यासही.

परदेशी देणगी: नियम काय सांगतो

सर्वांत जास्त गैरसमज या पाचव्या मार्गाबद्दल आहेत. परदेशातून देणगी घ्यायची तर परकीय योगदान नियमन कायदा, २०१० म्हणजे एफसीआरए लागू होतो. उमेदवार, आमदार-खासदार, राजकीय पक्ष यांना असा पैसा घेता येत नाही. ‘राजकीय स्वरूपाची’ म्हणून सरकारने जाहीर केलेल्या संघटनांनाही नाही.

२०११ च्या नियमांनी या ‘राजकीय स्वरूपा’ची व्याख्या फार ताणली होती. बंद, हरताळ, रास्ता रोको, रेल रोको, जेल भरो या मार्गांचा नेहमी वापर करणारी संघटनाही त्यात येत होती. ही व्याख्या लावली असती तर रायगडातली एकही समिती सुटली नसती! ‘इन्साफ’ या संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ६ मार्च २०२० रोजी निकाल दिला. प्रत्यक्ष राजकारणाशी किंवा पक्षीय राजकारणाशी संबंध नसलेल्या संघटनेने लोकांच्या प्रश्नासाठी असे मार्ग वापरले, एवढ्यावरून तिची परदेशी देणगी अडवता येणार नाही, असा त्याचा अर्थ.

पण त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कायदाच बदलला. एका संस्थेला मिळालेला परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेला द्यायला पूर्ण बंदी आली. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच आला पाहिजे, असं ठरलं. पैशाचा माग ठेवता यावा, गैरवापर थांबावा, हा सरकारचा युक्तिवाद होता आणि माग ठेवायला हवा यात वादच नाही. फटका मात्र छोट्यांना बसला. पूर्वी मुंबईची मोठी संस्था देणगी घ्यायची, हिशेबाची जबाबदारी उचलायची आणि त्यातला थोडा भाग पेण किंवा मुरुडच्या छोट्या गटाला द्यायची. तो रस्ता बंद झाला. छोट्या गटाने स्वतःची एफसीआरए नोंदणी करणं कागदावर शक्य आहे, पण ज्यांची धर्मादाय आयुक्तांकडेच नोंदणी नाही अशा गावसमितीने ती कशी करायची?

लाच कुठे सुरू होते?

गटाला भाड्याचे पैसे देणं आणि लोकप्रतिनिधीला पैसे देणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. २००५ च्या डिसेंबरमध्ये संसदेत प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्याचं छुप्या कॅमेऱ्याने दाखवलं आणि ११ खासदारांचं सदस्यत्व गेलं. ४ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आणखी स्पष्ट केलं की सभागृहातल्या मतासाठी किंवा भाषणासाठी लाच घेतली तर विशेषाधिकाराचं संरक्षण मिळणार नाही. लॉबिंगसाठी भारतात वेगळा कायदा नाही. त्यामुळे कोणत्या उद्योगाने कोणत्या खात्याकडे किती पाठपुरावा केला, याची जाहीर नोंद कुठे होत नाही. नोंद होते ती गावसमितीच्या मोर्चाची, आणि तीही पोलीस ठाण्यात.

पैसे मिळाले, पुढे काय?

आमदाराच्या हातात फक्त पाच कोटींचा स्थानिक विकास निधी नसतो. तारांकित प्रश्न, लक्षवेधी, औचित्याचा मुद्दा, कपात सूचना अशी साधनं असतात. विधिमंडळाची विनंती अर्ज समिती असते. मंत्र्याने सभागृहात दिलेला शब्द पाळला की नाही हे बघणारी आश्वासन समितीही असते. सभागृहातलं आश्वासन आणि गावच्या व्यासपीठावरचं आश्वासन यांतला फरक ज्या गटाला कळतो, तो गट दुसऱ्या वर्षी साहेबांना हार घालायच्या ऐवजी कामकाजाच्या नोंदीची प्रत घेऊन जातो. ही समज यायला प्रशिक्षण लागतं आणि एक तरी पूर्णवेळ माणूस लागतो. त्याचं मानधन हा गटाच्या हिशेबातला सर्वांत मोठा खर्च आणि देणगीदारांना सर्वांत न आवडणारा.

कधी कधी दार ठोठावायला प्रतिनिधीच नसतो. रायगड जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर काही वर्षं तिथे प्रशासकच बसला. या काळात गटांना निवेदनं अधिकाऱ्यांनाच द्यावी लागली. अशा वेळी लोक न्यायालयाकडे वळतात. उरणच्या पारंपरिक मच्छीमारांनी राष्ट्रीय हरित लवादाचं दार ठोठावलं. २७ फेब्रुवारी २०१५ रोजी लवादाने जेएनपीटी, सिडको आणि ओएनजीसी यांना १,६३० कुटुंबांसाठी ९५ कोटी १९ लाख रुपयांची भरपाई देण्याचा आदेश दिला. आदेश हातात येणं आणि पैसे हातात येणं यांत किती अंतर असतं, हे मात्र कोळीवाड्याला विचारावं.

आता १२४ गावं

१२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतू सुरू झाला आणि मुंबईहून उरणच्या बाजूला चिर्ल्यापर्यंत गाडीने काही मिनिटांत पोहोचता येऊ लागलं. पाठोपाठ मार्चमध्ये राज्य सरकारने उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतल्या १२४ गावांच्या ३२३ चौरस किलोमीटरहून जास्त क्षेत्रासाठी एमएमआरडीएला नवनगर विकास प्राधिकरण म्हणून नेमण्याची प्रक्रिया सुरू केली. बोलीभाषेत ‘तिसरी मुंबई’. हजारो हरकती आल्या. यातल्या बऱ्याच गावांनी सेझ पाहिलेला आहे, त्यामुळे उतारे कसे काढायचे आणि पोच कशी घ्यायची हे तिथल्या जुन्या माणसांना पाठ आहे.

यावेळी एक वेगळीच अडचण आहे. प्रकल्प एक, पण उरण आणि पनवेल हे विधानसभा मतदारसंघ लोकसभेला मावळमध्ये येतात, तर पेण रायगडमध्ये. मावळ मतदारसंघ घाटावर पिंपरी-चिंचवडपर्यंत पसरलेला आहे. त्यामुळे शेजारशेजारच्या दोन गावांना एकाच प्रश्नासाठी दोन वेगळ्या खासदारांकडे जावं लागतं आणि दोन वेगवेगळी शिष्टमंडळं पाठवावी लागतात. दोन्हींचं भाडं सध्या तरी पावती पुस्तकातूनच निघतंय.